नऊ दिवसांची साखर

गावाच्या खालच्या अंगाला, जिथे कुणी घर बांधत नाही आणि बांधलंच तर त्या बाजूला खिडकी ठेवत नाही, तिथे सांडपाणी शुद्ध करायचं केंद्र आहे. त्या केंद्रात एकतीस वर्षं काढलेल्या माणसाला सगळे गाळकाका म्हणत. हे नाव त्यांना चिकटलं तेव्हा ते सत्तावीस वर्षांचे होते आणि कुणाचेच काका नव्हते. पण गाळाशी जोडलेलं नाव माणसाला लवकर म्हातारं करतं, त्याला इलाज नाही.

गावातले लोक आंघोळी करतात, भांडी घासतात, संडासाची साखळी ओढतात आणि मोकळे होतात. त्यानंतरचं सगळं काकांकडे येई. आधी जाळीवर चिंध्या, केस आणि लोकांना हरवले असं वाटणारे चमचे अडकत. मग पाणी हवेच्या टाकीत जाई, तिथून निवळणीच्या टाकीत, आणि शेवटी कडेवरून सांडून ओढ्याला मिळे. ओढ्यात तिथेच एक डोह होता आणि डोहात मासे होते. काका ते मासे पाहुण्यांना दाखवत, जणू काही स्वतःच पोहायला शिकवलं होतं.

लोकांना वाटतं, पाणी यंत्रं साफ करतात. यंत्रं नुसती हवा फुंकतात आणि कान किटवतात. पाणी साफ करतात ते हवेच्या टाकीत राहणारे जीव, जे डोळ्यांना दिसत नाहीत आणि म्हणून ज्यांचा कुणी सत्कार करत नाही. जिवाणू घाण खातात, पोट भरलं की एकाचे दोन होतात, आणि चिकट होऊन एकमेकांना धरून पुंजके करतात. पुंजका जड असतो, त्यामुळे निवळणीच्या टाकीत तो तळाला बसतो आणि वर स्वच्छ पाणी उरतं. जे जिवाणू कुणाला धरून राहत नाहीत, नुसते भटकतात, त्यांना गट्ट करायला दुसरे टपलेले असतात. त्यांत काकांच्या खास लाडक्या म्हणजे घंट्या. देठावर उभी असलेली घंटेच्या आकाराची इवलीशी जनावरं, तोंडाशी केसांची झालर. झालर फिरवायची, पाण्यात भोवरा करायचा आणि सापडेल ते आत ओढायचं. त्यांच्या मागून चाकवाले येतात, डोक्यावर चाक फिरतंय असे दिसणारे आणि पुंजक्यांच्या कडा कुरतडून उरलंसुरलं फस्त करणारे. जो मरेल तो पुन्हा जिवाणूंच्या वाट्याला जातो. वाया काही जात नाही आणि कुणाला कुणी वाढत नाही.

पुंजक्यांत थोडे तंतूही असतात, लांब दोऱ्यासारखे जिवाणू. तेही लागतात, घराला वासे लागतात तसे. पण हवा आणि अन्न यांचं गणित बिघडलं की तंतूंचं फावतं. ते पुंजक्याबाहेर वाढतात, एकमेकांत गुंततात, आणि सगळा गाळ पिंजलेल्या कापसासारखा फुगून वरच राहतो. हे काका सगळ्यांना समजावून सांगत. न विचारणाऱ्यांना जरा जास्तच. एकदा शाळेच्या मुली केंद्र बघायला आल्या होत्या, त्यांतल्या एकीने विचारलं, “मग यांच्यात मुख्य कोण?” काका म्हणाले, “कुणी नाही. म्हणून तर नीट चाललंय.” बरोबर आलेल्या मुख्याध्यापिकांना ते उत्तर आवडलं नाही.

रोज सकाळी आल्या आल्या काका हवेच्या टाकीवरच्या लोखंडी पुलावर जाऊन वास घेत. चांगल्या टाकीला ओल्या मातीचा वास येतो. मग लिटरभर पाणी काचेच्या मोजपात्रात भरून अर्धा तास खिडकीत ठेवायचं आणि गाळ किती खाली बसला ते बघायचं. तीनशेच्या खुणेवर बसला की टाकी खूश आणि काकाही खूश. त्यानंतर एक थेंब मायक्रोस्कोपखाली. डोळा लावण्यापूर्वी ते आजूबाजूला कुणी नाही ना बघत आणि हळूच म्हणत, “काय मंडळी?” प्रयोगशाळेतल्या तरुण केमिस्टबाईंनी हे दारातून दोनदा ऐकलं होतं. दोन्ही वेळा त्या पावलं न वाजवता मागे फिरल्या. त्यांनी काकांकडून जे शिकून घेतलं होतं ते कॉलेजात कुणी शिकवलं नव्हतं.

काकांच्या निवृत्तीला दोन महिने उरले तेव्हा त्यांची बायको मुलीच्या बाळंतपणासाठी तिच्या गावी गेली. मुलगा आधीच परगावी होता. काकांना स्वयंपाक उत्तम येत होता, फक्त कमी माणसांचा येत नव्हता. पहिल्या दिवशी त्यांनी पाच माणसांचा भात केला आणि तो तीन दिवस खाल्ला. बायको रोज संध्याकाळी फोन करून विचारी, “जेवलात का?” काका म्हणत, “जेवलो.” मग ती विचारी, “आणखी काय?” त्यावर त्यांना काही सुचत नसे, कारण आणखी काहीच नव्हतं.

त्यातच दोन आठवड्यांची मोठी सुटी लागली. कॉलेजची वसतिगृहं रिकामी झाली, बिस्किटांचा कारखाना बंद झाला, ज्यांना जाता येईल ते गाव सोडून गेले. केमिस्टबाईही सुटीवर गेल्या. केंद्रावर उरले हवा फुंकणारे ब्लोअर चालवणारा मिस्त्री, फाटकावरचा रखवालदार आणि काका. येणारं पाणी तिसऱ्या हिश्श्यावर आलं.

अशा वेळी काय करायचं ते काकांना तोंडपाठ होतं. हवा थोडी कमी करायची आणि गप्प बसायचं. अन्न घटलं की जीव घटतात, काही एकमेकांवर भागवतात, आणि पाणी वाढलं की हळूहळू पुन्हा वाढतात. हे त्यांनी स्वतः तीन नव्या माणसांना शिकवलं होतं. पण दर वर्षी सुटीत ते घरी गेले की घर भरलेलं असे. या वर्षी घरी जायचं म्हणजे भात गरम करायला जायचं.

चौथ्या दिवशी त्यांनी मायक्रोस्कोपला डोळा लावला, तर निम्म्या घंट्या देठ सोडून निघून गेल्या होत्या. नुसते देठ उभे होते. काका बराच वेळ ते बघत बसले. हे नेहमीचंच आहे, दर सुटीत होतं, हे त्यांना माहीत होतं, आणि माहीत असण्याचा काडीचा उपयोग झाला नाही.

दुपारी ते स्कूटर घेऊन वाण्याकडे गेले आणि पंचवीस किलोची साखरेची दोन पोती मागितली.

वाण्याने विचारलं, “घरी कार्य आहे का?”

“पाहुणे आहेत.”

“किती जण?”

“मोजले नाहीत,” काका म्हणाले, आणि त्यांच्या एकतीस वर्षांच्या नोकरीतलं ते सर्वांत खरं विधान होतं.

ती साखर त्यांनी सरळ हवेच्या टाकीत ओतली. दुसऱ्या दिवशी पुन्हा दोन पोती. रोज दुपारी मिस्त्री डबा उघडून बसला की काका पुलावर पोतं मोकळं करत. असे नऊ दिवस. लॉगबुकात, जिथे ते ब्लोअरचा पट्टा बदलल्याची वेळसुद्धा मिनिटासकट लिहीत, तिथे साखरेचं नाव नाही. लिहावंसं वाटलं नाही की धीर झाला नाही, हे त्यांचं त्यांनाही सांगता आलं नसतं. पहिले काही दिवस टाकीत खरंच जान आल्यासारखी वाटली. काकांना त्या आठवड्यात जेवणही गोड लागलं.

आता नुसत्या साखरेवर कुणी जगत नाही, हे चार पोरं वाढवलेली कुठलीही बाई सांगेल. सांडपाण्यात सगळं मिसळलेलं असतं, त्यात नत्र असतं, जिवाणूंचं अंग त्यावर बनतं. साखरेत गोडी सोडून दुसरं काही नाही. अशा एकांगी खाण्यावर पुंजके करणारे जिवाणू मागे पडले आणि तंतूंचं चांगलंच फावलं. सुटी संपली तेव्हा ते पुंजक्यांबाहेर हातभर पसरले होते. हातभर म्हणजे त्यांच्या हाताने.

केमिस्टबाई सुटीवरून परतल्या, मोजपात्र खिडकीत ठेवलं आणि अर्ध्या तासाने बघून पुन्हा भरून ठेवलं. त्यांना वाटलं आपलंच काही चुकलं. दुसऱ्यांदाही गाळ नऊशे साठच्या खाली आला नाही. जवळजवळ अख्खं पात्र तपकिरी, वर जेमतेम बोटभर पाणी.

“काका, हे काय झालं?” त्यांनी विचारलं.

“तंतू,” काका म्हणाले.

“ते दिसतंय. पण कशाने?”

काका म्हणाले, “बघू,” आणि जाळी बघायला गेले. जाळी कालच बघून झाली होती.

गाव परतलं, पाणी पूर्ण वाढलं, आणि निवळणीच्या टाकीत फुगलेला गाळ रोज वीतभर वर सरकू लागला. तो कडेवरून सांडला की सरळ ओढ्यात जाणार होता. ओढ्यात गेलेला गाळ डोहातल्या पाण्याचा प्राणवायू खातो आणि मासे उलटे होतात. केंद्राचे साहेब गाडीतून आले. साहेब नवे होते, हुशार होते आणि त्यांना विषाची शंका आली. सुटीत कुणीतरी पाइपात काहीतरी ओतलं असणार, बहुधा बिस्किटांच्या कारखान्याने, बंदच्या काळात यंत्रं धुताना. केमिस्टबाई म्हणाल्या, आत येणाऱ्या पाण्याचे सुटीतले नमुने बाटल्यांत आहेत, त्यांत काहीच सापडत नाही. साहेब म्हणाले, विष असंच असतं.

त्यांनी निर्णय सांगितला. विषबाधा झालेला गाळ ठेवून चालत नाही. परवा सकाळपासून टाकी रिकामी करायची, क्लोरीनने धुवायची आणि शेजारच्या शहराच्या केंद्रातून टँकरने नवा गाळ आणून सोडायचा. कारखान्याला नोटीस. सगळ्यांनी माना डोलावल्या. काकांनीही डोलावली, कारण मान त्या वेळी त्यांच्या ताब्यात नव्हती.

त्या संध्याकाळी बायकोचा फोन आला. नातीने आज डोळे नीट उघडून बघितलं, असं ती सांगत होती. मग तिने विचारलं, “जेवलात का?”

“नाही.”

पस्तीस वर्षांत हे उत्तर तिने ऐकलं नव्हतं. काकांनी तिला सगळं सांगितलं, वाण्यापासून क्लोरीनपर्यंत.

“विष नाही हे तुम्ही सांगितलंत तर टाकी वाचेल?” तिने विचारलं.

“वाचेल बहुतेक. साखर तर बंद झालीच आहे. रोज थोडा गाळ बाहेर काढायचा, नत्रासाठी चिमूटभर युरिया, आणि हवा भरपूर. दहा दिवसांत जागेवर यायला हवी.”

“आणि नाही सांगितलंत तर?”

“परवा धुतील.”

“मग अडलंय कशात?”

काका म्हणाले, “एकतीस वर्षांत माझ्या हातून काही चुकलं नाही असं सगळे म्हणतात. निरोपाच्या दिवशीही तेच म्हणणार आहेत.”

“अहो, पण चुकलंय ना,” बायको म्हणाली. “आणि एक सांगू? माणसं घरात नसली की तुम्ही कुणालाही वाढायला बसता. आता जेवून घ्या, आणि उद्या सांगून टाका.”

दुसऱ्या दिवशी काका साहेबांच्या खोलीत गेले तेव्हा केमिस्टबाई तिथे नोटिशीचा मसुदा घेऊन उभ्या होत्या. काकांना वाटलं होतं, एकट्यात सांगता येईल. पण ज्यांनी आपल्याला गुरू मानलंय त्यांच्यादेखत सांगायची पाळी आली. मग त्यांनी फार विचार केला नाही.

“साहेब, विष नाही. साखर आहे.”

“कुणी टाकली?”

“मी.”

साहेबांनी चष्मा काढला. “किती?”

“साडेचारशे किलो.”

“चुकून?”

“नाही. रोज थोडी थोडी.”

“का?”

“उपाशी होते.”

“कोण उपाशी होतं?”

काकांनी खिडकीतून टाकीकडे हात केला. साहेबांनी हाताच्या दिशेने बघितलं. तिथे तपकिरी पाणी उकळल्यासारखं बुडबुडत होतं, रोज बुडबुडतं तसं. केमिस्टबाईंनी नोटिशीचा मसुदा हळूच घडी करून पर्समध्ये ठेवला. त्यांना हसू येत होतं आणि रडूही येत होतं, आणि दोन्ही साहेबांसमोर करण्यासारखं नव्हतं.

“हे लॉगबुकात का नाही?” साहेबांनी विचारलं.

“लाज वाटली,” काका म्हणाले.

साहेब वाईट माणूस नव्हते. ओरडायचं तेवढं ते ओरडले, पुढे काय करायचं ते काकांकडून ऐकून घेतलं आणि आठ दिवस दिले. काका म्हणाले, दहा लागतील. साहेब म्हणाले, आठ. आठव्या दिवशी गाळ सहाशेच्या खाली बसला नाही तर टाकी धुवायची. तोवर सगळं केमिस्टबाई बघतील. काकांनी नऊ दिवसांची साखर लाल शाईने लॉगबुकात भरायची, आणि आठ दिवस हवेच्या टाकीच्या पुलावर पाय ठेवायचा नाही, मायक्रोस्कोपला हात लावायचा नाही. त्यांनी जाळीवर बसायचं.

जाळीवर चिंध्या ओढायचं काम काकांनी नोकरीच्या पहिल्या वर्षी केलं होतं. ते त्यांनी पुन्हा सुरू केलं. लांब दाताळ्याने चिंध्या ओढायच्या, निथळायच्या, डब्यात टाकायच्या. तिथून पूल दिसत होता. पुलावर केमिस्टबाई उभ्या राहत, कधी खाली वाकत, आणि काकांच्या हातातलं दाताळं थांबे.

पहिल्या दिवशी गाळ नऊशे सत्तर होता. दुसऱ्या दिवशी नऊशे पन्नास. तिसऱ्या दिवशी पुन्हा नऊशे साठ. निवळणीच्या टाकीत तो कडेपासून चार बोटांवर येऊन थांबला होता. केमिस्टबाई जाळीपाशी आल्या.

“काका, गाळ रोज किती काढू? मी विसावा हिस्सा काढतेय.”

काकांना माहीत होतं की ते कमी आहे. जेवढा जुना गाळ काढाल तेवढे तंतू जातात, आणि मागे राहिलेल्यांना जागा आणि हवा मिळते. पण काढलेल्या गाळात तंतूंबरोबर बाकीचेही जातात, चाकवाले, देठावर तग धरून राहिलेल्या घंट्या, सगळे. तो गाळ वाळवणाच्या वाफ्यांवर पसरतात आणि तो दोन दिवसांत वाळतो. काकांनी एकतीस वर्षांत गाळ काढायचा व्हॉल्व्ह कधी दोन फेऱ्यांपेक्षा जास्त उघडला नव्हता. नेहमी हात राखून.

“दहावा हिस्सा काढा,” ते म्हणाले.

“एवढा? तुम्ही कधीच एवढा काढला नाहीत.”

“म्हणून सांगतोय.”

त्या गेल्या आणि त्यांनी व्हॉल्व्ह उघडला. चार फेऱ्या. पाइपातून गाळ धबाधबा वाफ्यांवर पडायचा आवाज जाळीपर्यंत येत होता. काकांचे डोळे भरून आले. जाळीवर बसलेल्या माणसाचे डोळे वासानेही भरून येतात, त्यामुळे कुणाला काही विचारावंसं वाटलं नाही.

चौथ्या दिवशी नऊशे. पाचव्या दिवशी आठशे तीस. सहाव्या दिवशी आठशे तीसच. सातव्या दिवशी सातशे दहा. काका आकडे ऐकत आणि मान डोलवत. बायकोने फोनवर “आणखी काय?” असं विचारलं की ते त्या दिवसाचा आकडा सांगत, “सातशे दहा.” ती म्हणे, “जेवलात ना?” आणि ते म्हणत, “हो, एकाचंच केलं होतं.”

आठव्या दिवशी साहेब सकाळीच आले. केमिस्टबाईंनी मोजपात्र भरलं आणि खिडकीत ठेवलं. काकांना बोलावणं नव्हतं, पण मिस्त्रीने येऊन सांगितलं, “साहेब म्हणतायत, त्यांना पण येऊ दे.” काका हात धुऊन आले आणि दारात उभे राहिले. गाळ आधी जागचा हलेना. मग त्याच्या मधोमध भेगा पडल्या, तो तुटून पुंजक्या-पुंजक्यांनी खाली येऊ लागला, आणि वर पाणी दिसायला लागलं. साहेब घड्याळ बघत होते. अर्ध्या तासाला गाळ पाचशे साठवर होता.

साहेबांनी हुश्श केलं. त्यांनाही टाकी धुवायची नव्हती, हे तेव्हा सगळ्यांना कळलं. केमिस्टबाईंनी एक थेंब काचेवर घेतला, मायक्रोस्कोपमधून बघितलं आणि बाजूला झाल्या. “काका, बघा ना.”

काकांनी साहेबांकडे बघितलं. साहेबांनी मान डोलावली. काकांनी डोळा लावला. तंतू अजून होते, पण पुंजक्यांच्या आत, वाशांसारखे. आणि पुंजक्यांच्या कडेने घंट्या उभ्या होत्या, दाट, देठ ताठ, झालरी गरगर फिरणाऱ्या. एखादी मध्येच दचकून गोळा होई आणि पुन्हा उलगडे. ज्यांच्यासाठी काकांनी पोती वाहिली होती त्या यांत नव्हत्या. त्या केव्हाच गेल्या होत्या, साखरेने, किंवा साखर नसती तर भुकेने. या सगळ्या त्यांच्यानंतरच्या. काका पुलावर नसताना जन्मलेल्या, आणि काकांच्या हातचा एक कणही न खाल्लेल्या.

नेहमीचे दोन शब्द त्यांच्या ओठांवर आले होते. ते त्यांनी गिळले.

“काय हो,” साहेब हसून म्हणाले, “ओळखलंत का? तुमचीच ना ही मंडळी?”

काकांनी डोळा काढला. काचेखालचा दिवा बंद केला, उगाच थेंब तापू नये म्हणून.

“माझी नाहीत, साहेब,” ते म्हणाले. “माझी मेली.”

केमिस्टबाईंनी लॉगबुक उघडून पाचशे साठ हा आकडा लिहिला. काका दारात क्षणभर थांबले, आणि मग जाळीवर निघून गेले, कारण गावातल्या आंघोळी आटोपल्या होत्या आणि सकाळचा लोंढा यायची वेळ झाली होती.